मुलगी कुणाला द्यायची, हे ठरवायचं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध, विषय अमेरिकन इतिहासकार सँड्रा ग्रीन यांचं घानातल्या एवे लोकांवरचं लेखन. तीन प्रकरणं लिहून झालीत: एक स्त्रियांवर, एक वांशिक ओळखीवर, एक धर्मावर. मार्गदर्शकांनी शेरा मारला, 'हे तीन निबंध झाले, प्रबंध कुठाय?' सोबत दोन जोडप्रश्न आहेत. लेखी कागद फारसे नसलेल्या काळाचा इतिहास सांगोवांगीवर उभा असेल, तर त्यावर विसंबायचं किती? आणि पुस्तकातल्या 'क्लॅन'ला मराठीत जात म्हणायचं, कुळ म्हणायचं की जमात?

मी पंचवीसेक वर्षं एम.ए.च्या वर्गाला आफ्रिकेचा इतिहास शिकवला. दर दोन-तीन वर्षांनी एक तरी विद्यार्थी नेमका इथेच अडकून यायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेरा तिखट आहे, पण खोटा नाही. ग्रीन यांच्या १९९६ च्या पुस्तकाचं नाव 'जेंडर, एथ्निसिटी अँड सोशल चेंज ऑन द अपर स्लेव्ह कोस्ट'. नावातच लिंगभाव आणि वांशिकता शेजारी बसलेत, त्यामुळे वाचणाऱ्याला ते दोन कप्पे वाटतात. मग देवांची प्रकरणं वाचून तिसरा कप्पा पाडला जातो. पुस्तकाचं म्हणणं मात्र असं आहे की 'आपला कोण, परका कोण' ही रेघ ज्या घडामोडींनी आखली, त्याच घडामोडींनी बायकांची कोंडीही केली. आणि ती रेघ पुसायची किंवा ओलांडायची वेळ आली तेव्हा हत्यार म्हणून देव वापरले गेले. हे सगळं एकाच जागी घडताना दिसतं. ती जागा म्हणजे लग्न.

म्हणून पहिलं काम हे करा. तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहा: मुलगी कुणाला द्यायची, हे ठरवायचं कुणी? मग हा प्रश्न घेऊन सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत दर पन्नास वर्षांवर थांबत चला. दर थांब्यावर उत्तर बदललेलं दिसेल, आणि का बदललं ते शोधताना तुमची तिन्ही प्रकरणं आपोआप एकमेकांत घुसतील.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा, कारण जागेवरच सगळं अडलेलं आहे. ग्रीन लिहितात ते सगळ्या एवे लोकांबद्दल नाही, मुख्यतः आन्लो या त्यांच्या एका शाखेबद्दल. घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्होल्टा नदीच्या मुखाच्या पूर्वेला, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला केटाचं मोठं उथळ लगून (समुद्रालगतचं खाऱ्या पाण्याचं तळं), मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर आन्लोगा ही राजधानी आणि केटा हे व्यापाराचं गाव. शेतीला जमीन अगदी थोडी. मासे भरपूर. ज्या वर्षी पाऊस कमी आणि लगून आटतं, त्या वर्षी तळाशी मीठ, आणि ते मीठ आत उत्तरेकडे विकायचं. ज्याने कोकणातलं खाजण पाहिलंय त्याला कळेल की अशा ठिकाणी 'ही जागा कुणाची' हा प्रश्न किती लवकर भांडणावर येतो.

सतराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत पश्चिमेकडे अक्वामू राज्याने अक्रा आणि आसपासचा मुलूख जिंकला. तिथून पळालेली माणसं पूर्वेला सरकली, त्यातली काही या पट्टीवर येऊन टेकली. आधीच जमीन तुटपुंजी, त्यात पाहुणे. ग्रीन यांचा युक्तिवाद असा की याच दाबाखाली आधीच्या रहिवाशांनी आपापली मोट बांधली. या मोटेला आन्लो भाषेत ह्लो म्हणतात; पुस्तकातला 'क्लॅन' तो हाच. आज पंधरा ह्लो सांगितले जातात. तुमचा मूळपुरुष कोण, तो नोत्सेहून (आजच्या टोगोतल्या, एवेंच्या उगमकथेतल्या गावाहून) आला की आणखी कुठून, आधी आला की मागून, यावर तुमची पायरी ठरली. मागून आलेल्यांचे ह्लोही झाले, पण परकेपणाचा शिक्का ठेवून. 'ब्लू' नावाचा एक ह्लो आहे. ब्लू हा एवे भाषेत पश्चिमेकडच्या अकान लोकांसाठीचा शब्द. म्हणजे गटात घेतलं, आणि नावातच सांगून ठेवलं की हे बाहेरचे.

आता यात मुलगी कुठे आली? आन्लोत वंश बापाकडून चालतो, पण मुलीलाही बापाच्या जमिनीत कसण्याचा वाटा मिळू शकतो. ती दुसऱ्या ह्लोमध्ये गेली की तिची मुलं तिकडची, आणि आईच्या वाट्याच्या तुकड्यावर त्यांचा हात. एक-दोन पिढ्यांत जमीन घराबाहेर. यावर उपाय एकच: मुलगी घरातच द्या. आपल्याच ह्लोमधल्या मुलाशी लग्न, हा आन्लो समाजाचा आग्रह बनला. घानाचे मानववंशशास्त्रज्ञ नुकुन्या यांनी आन्लो नातेव्यवस्थेवर १९६९ मध्ये जे पुस्तक काढलं, त्यातही ही पसंती नोंदलेली आहे. ग्रीन यांनी पुढे विचारलं ते असं, की ही पसंती कधीपासूनची, आणि तिची किंमत कुणी मोजली? त्यांचं उत्तर: मुलींनी. ज्या लग्नात आधी आईच्या आणि आईच्या माहेरच्या शब्दाला वजन होतं, तिथे ह्लोचे वडीलधारे बसले. त्या वडीलधाऱ्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या, हे विसरू नका. 'पुरुषांनी बायकांना दाबलं' एवढ्या एका वाक्यात हा भाग गुंडाळलात तर परीक्षक पहिला तिथेच पकडतील.

इथेच तुमच्या भाषांतराच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आपल्याकडे जातीबाहेर लग्न नको, पण एका कुळात, एका देवकात तर मुळीच नको. ह्लोचं गणित या दोहोंत बसत नाही. रचना कुळासारखी, एका मूळपुरुषापासून बापाच्या बाजूने उतरलेली. पण लग्नं जातीसारखी, शक्यतो आतल्या आत. कुळ लिहिलंत तर मराठी वाचक गृहीत धरेल की आत लग्न वर्ज्य. जात लिहिलंत तर उतरंड, धंदा, शिवाशिव असं सगळं सामान सोबत येईल. जमात तर अगदीच नको, कारण पंधराही ह्लो मिळून एकच आन्लो लोक होतात. मी तरुणपणी एका लेखात बिनधास्त 'जमात' छापलं होतं आणि त्याची लाज अजून वाटते. ह्लोच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत समजावून सांगा आणि पुढे चला.

मराठीचा एक फायदाही आहे, तो सोडू नका. इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की सगळे एका पोत्यात. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस हे चारही वेगळे, आणि कुणाशी लग्न होतं, कुणाशी नाही, हे घरातल्या पोरालाही माहीत. आन्लोत चुलत बहिणीशी लग्न चालतं, उलट ह्लोच्या हिशेबाने ते सोयीचंच; आपल्याकडे ऐकूनही कान झाकतील. तसंच 'नेफ्यू'चं. आन्लोचा पहिला राजा स्री हा लोकांना तिथे घेऊन आलेल्या वेन्याचा 'नेफ्यू' असं इंग्रजीत वाचाल. परंपरेप्रमाणे तो वेन्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, पुतण्या नव्हे. वंश बापाकडून चालवणाऱ्या समाजाच्या गादीच्या मुळाशी एक बहीण बसलेली आहे. हे इंग्रजीत दिसत नाही, मराठीत एका शब्दात दिसतं. माझ्या मते तुमच्या प्रबंधाची सुरुवात इथूनही करता येईल.

पुढचा थांबा अठरावं शतक. १७०२ मध्ये अक्वामूने आन्लोवर ताबा बसवला, तो १७३० पर्यंत टिकला. नंतर नदीमुखापलीकडच्या अडा लोकांशी वारंवार लढाया झाल्या, आणि शतकाच्या मध्याला आन्लोंनी त्यांच्याकडून जबर मार खाल्ला. मार खाल्लेला समाज देव बदलतो. द्झेवी नावाचा एक ह्लो होता, मूळचा पश्चिमेकडून आलेल्या अदांग्बे लोकांचा, म्हणजे परक्यांत मोडणारा. न्यिग्ब्ला हा त्यांच्या घरचा युद्धदेव. ग्रीन दाखवतात की या काळात न्यिग्ब्ला आन्लोचा राज्यदेव झाला आणि त्याच्या पुजाऱ्यांना राज्यकारभारात जागा मिळाली. लढाई जिंकून देणारा देव ज्यांच्या घरचा, त्यांना परकं म्हणणार कसं? तुमच्या मसुद्यात न्यिग्ब्ला 'धर्म' प्रकरणात आहे आणि द्झेवी 'वांशिकता' प्रकरणात. दोघांना वेगळं केल्यावर दोघांचाही अर्थ निघून जातो. शिवाय या देवाच्या सेवेत निरनिराळ्या ह्लोंतल्या मुली दाखल होऊ लागल्या. म्हणजे जी मुलगी ह्लोने कुंपणात ठेवली होती, तिच्यावर आता ह्लोच्या वरच्या एका सत्तेचाही हक्क आला.

(जाता जाता: आन्लोच्या राजाला आवोआमेफिया म्हणतात, तो लोकांच्या नजरेआड, एकांतात राहायचा. १९०६-०७ च्या सुमारास गादीवर आलेल्या दुसऱ्या स्रीने एकांतात बसायला नकार दिला. मिशनच्या शाळेत शिकलेला, बाहेर नोकरी केलेला माणूस. न्यिग्ब्लाच्या नावाने आन्लोगात पाश्चात्त्य कपड्यांवर असलेली बंदीही त्याच्याच काळात उठली. राजा, देव आणि कपडे यांचा इतका सरळ संबंध फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो.)

एकोणिसाव्या शतकात प्रकरण अजून गुंततं, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणाही इथेच आहे. सुरुवात मात्र जरा आधीची: १७८४ च्या युद्धात, किनाऱ्यावर व्यापारासाठी आलेल्या डेन्मार्कवाल्यांनी अडा आणि इतर मित्रांना घेऊन आन्लोंना हरवलं आणि केटात प्रिन्झेनस्टाइन नावाचा किल्ला बांधला. त्याचा बराचसा भाग पुढे समुद्राने खाल्ला. किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार आधीपासून होता, बंदी आल्यावरही तो चोरून चालू राहिला. व्यापारातून पैसा आला, पैशातून गुलाम बायका आल्या. इथे जरा थांबून विचार करा. स्वतंत्र बायको केली की तिचे आईबाप आले, भाऊ आले, भांडण झालं तर माहेरी निघून जाण्याची तिची सोय आली, मुलांवर आजोळचा हक्क आला. गुलाम बायकोला माहेरच नाही. तिची मुलं संपूर्ण बापाची. सासुरवाडीची कटकट नको असलेल्या श्रीमंत माणसाला हे फार परवडायचं. अशा घरात ह्लोने ठरवून दिलेल्या स्वतंत्र बायकोचं वजन काय राहिलं असेल?

याच काळात पूर्वेकडून, आजच्या बेनिनच्या बाजूने, येवे नावाचा पंथ आन्लोत पसरला. गडगडाटाचा देव हेव्हिएसो, सर्परूप दा, समुद्राची आव्हलेकेती असा त्याचा देवपरिवार. दीक्षा घेणाऱ्यांत बायका फार. दीक्षेसाठी कित्येक महिने घरापासून दूर, आवारात राहायचं. बाहेर येताना नवं नाव, पंथाची वेगळी भाषा, वेगळा वेश. त्यानंतर तिला जुन्या नावाने हाक मारली, तिचा अपमान केला, तर तो पंथाचा अपमान. ती 'आलागा' होऊन रानात निघून जायची, आणि तिला परत आणायचे विधी, दंड, सगळा खर्च अपमान करणाऱ्याच्या कुटुंबाच्या डोक्यावर. कल्पना करा, ज्या मुलीला काल 'अमक्याशी लग्न कर' म्हणून नुसतं सांगितलं जायचं, तिच्याशी आज बोलताना बापाला जीभ आवरावी लागते. ग्रीन म्हणतात की बायकांना लग्नाच्या बाबतीत स्वतःचं म्हणणं रेटायला येवेने बळ दिलं, आणि ज्या परक्या घराण्यांना जुन्या सत्तेत शिरकाव नव्हता त्यांनाही याच पंथाने प्रतिष्ठेचा रस्ता दिला. कुंपणाबाहेर ठेवलेला परका आणि कुंपणात कोंडलेली मुलगी, दोघं एकाच दारातून सुटले.

मात्र दोन ठिकाणी सांभाळा. येवेला स्त्रीमुक्तीची चळवळ म्हणू नका. पंथाचे स्वतःचे खर्च होते, कर्जं होती, गुरूंची सत्ता होती. एका हातातून सुटून दुसऱ्या हातात जाणं हेही त्यात होतं. दुसरं, मराठी वाचकाच्या सोयीसाठी देवदासी, मुरळी, जोगतीण असे शब्द वापरायचा मोह होईल. आपल्याकडे त्या शब्दांमागे जातीचा, गरिबीचा आणि कायद्याचा मोठा इतिहास आहे, तो फुकट आयात होईल. त्यातच कुणी 'त्रोकोसी'ची आठवण काढेल. घराण्यातल्या कुणाच्या अपराधाची भरपाई म्हणून मुलीला देवळात देणं, अशी ती प्रथा, आणि १९९८ मध्ये घानाने कायद्याने ती गुन्हा ठरवली. येवेची दीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एका परिच्छेदात कोंबू नका.

आतापर्यंतचा पट पुन्हा एकदा: जमीन कमी पडली, म्हणून गट बांधले, गट टिकवायला मुलींची लग्नं आवळली, परक्यांनी देवाच्या जोरावर आत जागा मिळवली, मुलींनी दुसऱ्या देवाच्या जोरावर थोडी मोकळीक मिळवली, आणि गुलामगिरीच्या पैशाने घरातला तोल पुन्हा बिघडवला. यात 'स्त्रिया', 'वांशिकता', 'धर्म' अशी शीर्षकं कुठे मारणार, सांगा.

'एवे' ही व्यापक ओळख कुठून आली हे तुमच्या मसुद्यात नाही, ते घालायलाच हवं. ब्रेमेनचं जर्मन मिशन १८४७ मध्ये पेकीला आणि १८५३ मध्ये केटाला आलं. बायबलसाठी एक प्रमाण भाषा हवी होती, ती मुख्यतः आन्लो बोलीवरून घडवली. याकोब श्पीथ यांचा एवे लोकांवरचा जाडजूड ग्रंथ १९०६ चा. वेस्टरमान यांचा कोश आणि व्याकरण त्याच्याच आगेमागे. एक भाषा, एक पुस्तक, एक देव (त्यासाठी मावू हे नाव पक्कं केलं), त्यामुळे निरनिराळी गावं आणि राज्यं 'आपण सगळे एवे' असं म्हणू लागली. दरम्यान १८८४ मध्ये जर्मन टोगो, पहिल्या महायुद्धानंतर त्याची ब्रिटिश-फ्रेंच वाटणी, १९४६ मध्ये अखिल एवे परिषद, १९५६ चं सार्वमत आणि ब्रिटिश टोगोलँडचं गोल्ड कोस्टमध्ये (घानाचं ब्रिटिश काळातलं नाव) विलीनीकरण, १९५७ मध्ये स्वतंत्र घाना. आन्लोतल्या परक्या-आपल्याच्या रेघा आणि ही मोठी 'एवे' रेघ यांत गल्लत करू नका. पहिली वाळूच्या पट्टीवर जमिनीसाठी आखली गेली, दुसरी मिशनच्या शाळेत आणि पुढे राजकारणात.

यासाठी ग्रीन यांचं २००२ चं 'सेक्रेड साइट्स अँड द कलोनियल एनकाउंटर' वाचा. त्यातलं नोत्सेवरचं विवेचन तुमच्या तिन्ही विषयांना एकाच जागी बांधतं. गोष्ट अशी. नोत्से हे आजच्या टोगोतलं गाव, तिथला राजा आगोकोली जुलमी. तो लोकांना काटे मिसळलेला चिखल तुडवायला लावायचा, चिखलाची दोरी वळून आणा म्हणायचा. गावाला उंच मातीची भिंत. पळायचं कसं? बायकांनी धुण्याभांड्याचं पाणी रोज भिंतीवर एकाच जागी ओतायला सुरुवात केली. भिंत ओलसर, मऊ झाली. एका रात्री ढोल वाजत राहिले, त्या आवाजाआड भिंत फोडली आणि सगळे बाहेर पडले. शेवटचे उलट्या पावलांनी चालले, म्हणजे माग काढणाऱ्याला वाटावं की माणसं आत आलीत. पुढे समुद्राजवळ पोचल्यावर थकलेला वेन्या म्हणाला, 'मी आखडलो', आणि त्या शब्दावरून आन्लो हे नाव पडलं म्हणतात. १९६२ पासून दर नोव्हेंबरात आन्लोगात होग्बेत्सोत्सो हा उत्सव होतो. त्यात उलट्या पावलांनी चालण्याचं नृत्यही असतं.

मिशनरींनी ही गोष्ट ऐकली आणि त्यांना इजिप्तमधून सुटलेले इस्राएली आठवले, आगोकोलीत फारो दिसला. ग्रीन दाखवतात की ज्या नोत्सेचं महत्त्व आधी मोठ्या प्रमाणात धार्मिक होतं, ते हळूहळू 'सगळ्या एवेंचं मूळ गाव' झालं. देवाचं ठिकाण ओळखीचं ठिकाण बनलं. आणि त्या गोष्टीत भिंत कुणी भिजवली, हे पुन्हा वाचा. मला वर्गात ही गोष्ट सांगायला नेहमी आवडायचं, कारण भांडी घासलेल्या पाण्याने कोसळलेली तटबंदी दुसऱ्या कुठल्या राष्ट्राच्या उगमकथेत मला आढळली नाही.

आता सांगोवांगीचा प्रश्न. ग्रीन यांचा प्रबंध १९८१ चा, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला, अठराव्या शतकातल्या आन्लोंवर. पुढे त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात शिकवलं. आन्लो गावांत जाऊन वडीलधाऱ्यांकडून परंपरा टिपायच्या, आणि त्या डेन्मार्कच्या नोंदी, ब्रेमेन मिशनचे कागद, ब्रिटिशांचे दप्तर यांच्याशी ताडून पाहायच्या, ही त्यांची रीत. परंपरा खरी की खोटी, हा प्रश्न मी मुलांना विचारू देत नसे. परंपरा कुणाच्या सोयीची, कुणी सांगितली, कुणासमोर सांगितली, हे विचारा. माझा अनुभव आफ्रिकेतला नाही, रायगडच्या किनाऱ्यावरचा आहे. एका कोळीवाड्यात घराण्यांचा इतिहास टिपत होतो. घरातल्या कर्त्या पुरुषाने शाळेच्या वहीत लिहून ठेवलेली सात पिढ्यांची नावं वाचून दाखवली, सगळे पुरुष, ओळीने, अगदी सरळ. अंगणात बोंबील वाळत घालणारी त्याची आई ऐकत होती. ती मान न वळवता म्हणाली, 'अरे, ही जागा तर माझ्या आजेसासूच्या माहेरची.' वही बंद झाली. पुढचे दोन तास ती म्हातारी बोलली, आणि त्या गावात कोण कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. पुरुषांच्या वंशावळीत गाव एकसंध दिसत होतं. बायकांची माहेरं विचारली की बाहेरून आलेले दिसू लागले. ग्रीन यांचं पुस्तक मी त्यानंतर पुन्हा वाचलं आणि ते पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांच्या युक्तिवादात कच्चे दुवे नाहीत असं नाही. सतराव्या शतकात बायकांना लग्नात जास्त मोकळीक होती, हे म्हणणं पुढच्या काळावरून मागे जाऊन काढलेलं अनुमान आहे. एकोणिसाव्या शतकासाठी पुरावा दाट, मागे जावं तसा विरळ. हे तुम्ही स्पष्ट लिहा. मार्गदर्शक खूश होतील. पूरक वाचन म्हणून अक्याम्पाँग यांचं २००१ चं समुद्र आणि लगून यांच्यामधल्या आन्लो जीवनावरचं पुस्तक आणि मीरा वेंकटाचलम यांचं २०१५ चं गुलामगिरीची आठवण व धर्म यांवरचं पुस्तक घ्या. दुसरं खास करून, कारण गुलाम म्हणून आणलेल्या बायकांच्या स्मृती आजही देवस्थानांत कशा जिवंत आहेत, हे त्यात आहे. ग्रीन यांच्या २०११ च्या पुस्तकात गुलामगिरी भोगलेल्यांच्या जबान्या आहेत, त्यातली आरोन कुकूची एक तरी वाचाच. २०१७ चं पुस्तक मालकांवर आहे: केटाचा अमेगाशी आफेकू, आन्लोचा न्याहो तामाक्लोए आणि हो-क्पेनोएचा नोआ यावो अशी तीन माणसं, आणि बंदीच्या काळात प्रत्येकाने काय ठरवलं. तुमच्या विषयासाठी हे दोन्ही वरवर चाळले तरी चालेल.

कितपत फेरफार करायचा, हे तुमच्या हातातल्या वेळावर आहे. तीन-चार आठवडेच असतील तर प्रकरणं मोडू नका. नवी प्रस्तावना लिहा, लग्नाचा प्रश्न तिथे मांडा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन पानं जोडून पुढच्या प्रकरणात त्याच लग्नाचं काय झालं ते दाखवा. एक सत्र हातात असेल तर सरळ कालक्रमाने लावा: ह्लोंची बांधणी, न्यिग्ब्ला, येवे आणि गुलाम बायका, मग मिशन आणि 'एवे' ओळख. जर्मन वाचता येत असेल तर श्पीथचा मूळ ग्रंथ हाताशी ठेवा, त्याने प्रबंधाची जात बदलेल. येत नसेल तर उद्धृतांवरून श्पीथबद्दल ठाम विधानं करू नका, ग्रीन काय म्हणतात एवढंच लिहा.

शेवटची एक बारीक गोष्ट. तुमच्या मसुद्यात एवे, येवे आणि येवू हे तीन शब्द मिसळलेत. एवे हे लोक, येवे हा पंथ, आणि येवू म्हणजे गोरा माणूस. केटाच्या किनाऱ्यावर दोन्ही टोकांनी माणसं लागून ओढतात त्या मोठ्या जाळ्याला येवुडोर म्हणतात, म्हणजे 'गोऱ्याचं जाळं', आणि तुम्ही त्याचं भाषांतर 'येवे पंथाचे जाळे' असं केलंय. रापण लिहा. ते जाळं तसंच ओढतात.